ध्रुवावरची खरखर

एकोणिसाव्या शतकात कुलाब्यात दोन शेजारी नांदत होते. एक कापसाचा बाजार. कोटातल्या मैदानावर गाठींची अडचण होऊ लागली म्हणून १८४४ मध्ये तो कुलाब्याला आला आणि त्याच्यामागून दलाल, हमाल, बैलगाड्या असा सगळा पसाराही आला. दुसरी शेजारीण होती १८२६ साली स्थापन झालेली वेधशाळा. तिथे अधांतरी टांगलेल्या चुंबकांची सूक्ष्म हालचाल रात्रंदिवस टिपली जाई. पुढे वाढत्या मुंबईने दोघांनाही तिथून उठवले. जागा पुरेना म्हणून कापूस पोर्ट ट्रस्टने शिवडी-माझगावला समुद्रात टाकलेल्या भरावावर गेला. तेच आजचे कॉटन ग्रीन. वेधशाळेच्या चुंबकांना मात्र ट्रामने हुसकावले.

घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार, हे स्पष्ट होताच वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई आर्देशर फ्रामजी मूस यांनी चुंबकीय मोजमापे अलिबागला हलवली. हे काम त्यांनी घाईत उरकले नाही. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. जुन्या आकड्यांना नवे आकडे नीट जोडता यावेत, म्हणून हा खटाटोप. मे १९०७ मध्ये विजेची ट्राम धावली, तेव्हा मोजमापे सुखरूप पलीकडच्या किनाऱ्यावर पोहोचली होती. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी देशातली पहिली विजेची आगगाडीही मुंबईतच धावली, बोरीबंदर ते कुर्ला या हार्बर मार्गावर. आजचे कॉटन ग्रीन स्थानक याच मार्गावर आहे. त्या गाड्यांना १५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह लागे. असा प्रवाह परतताना रुळांतून थोडा जमिनीत झिरपतो आणि दूरवरच्या चुंबकसूया हलवतो. मूस यांनी चुंबक वेळीच हलवले नसते, तर वेधशाळेने पुढे पृथ्वीऐवजी गाड्यांचे वेळापत्रकच मोजले असते.

त्या वेधशाळेचा वारसा आज भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे आहे. १९७१ मध्ये स्वायत्त झालेल्या या संस्थेचे मुख्यालय नवीन पनवेलला आहे. कॉटन ग्रीनहून पनवेल लोकल पकडली की गाडी बदलावी लागत नाही. गंमत अशी, की शहराच्या व्यत्ययापासून एवढ्या निगुतीने दूर गेलेल्या या परंपरेने आता सुमारे ११,००० किलोमीटरवरच्या अंटार्क्टिकात मुद्दाम व्यत्यय ऐकायला यंत्रे मांडली आहेत. रेडिओवर संदेश ऐकणाऱ्याला खरखर नकोशी असते. ध्रुवावरच्या हवेचा अभ्यास करणाऱ्याचे पोट त्या खरखरीवरच चालते. लहर निघाली कशी आणि पोहोचली कशी, यांतला फरक वाटेतल्या हवेने घडवलेला असतो. तो फरक वाचता आला की हवेची खबर मिळते. या प्रकरणात सांगायच्या सगळ्या पद्धतींच्या मुळाशी ही एवढीच गोष्ट आहे.

मुंबईच्या आकाशातला ऑरोरा

ध्रुवाचे मुंबईला काय देणेघेणे, हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मिळाले होते. त्या रात्री मुंबईहून ऑरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रदेशात दिसणारा आकाशातला रंगीत प्रकाश, दिसल्याची नोंद आहे. मुंबई-एडन ही समुद्राखालची तार त्या वेळी अवघी दोन वर्षांची होती आणि कापसाचे भाव, हुंड्या, सरकारी निरोप तिच्यावर अवलंबून होते. त्या रात्री ही तार कित्येक तास बिघडलेली राहिली. कुलाब्याचे चुंबकही जोराने हलले. त्याआधी १८५९ च्या सप्टेंबरमध्ये तर कुलाब्यात आडव्या चुंबकीय बलात सुमारे १६०० नॅनोटेस्लांची (नॅनोटेस्ला हे या बलाचे एकक) घट टिपली गेली होती. मुंबईत हे बल साधारण ३७-३८ हजार नॅनोटेस्ला असते, म्हणजे तिथल्या आडव्या बलाचा चार टक्क्यांहून मोठा भाग काही तासांसाठी गायब झाला होता. ही नोंद करायला स्वयंचलित यंत्र नव्हते. वेधशाळेतली माणसे दर काही मिनिटांनी दुर्बिणीतून पट्टी वाचून वहीत आकडा लिहीत होती. गुरबक्ष लखिना आणि शोभना अ‍ॅलेक्स या भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर २००३ मध्ये त्या आकड्यांचा पुन्हा अभ्यास केला, तेव्हा जगभर या वहीची दखल घेतली गेली.

सूर्यावर स्फोट होतो, विद्युतभारित कणांचा लोंढा अंतराळात फेकला जातो आणि पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळतो. भारित कणांना चुंबकीय रेषा ओलांडून जाणे जड जाते. रेषेच्या कडेकडेने जाणे सोपे. मुंबईवर या रेषा बऱ्याच आडव्या असतात, त्यामुळे कणांची वाट अडते. ध्रुवांजवळ त्या जवळजवळ उभ्या जमिनीत उतरतात. साहजिकच कण तिथल्या हवेत घुसतात आणि चुंबकीय ध्रुवाभोवती ऑरोराचे एक वलय तयार होते. वादळ मोठे असले की हे वलय फुगते आणि विषुववृत्ताच्या दिशेने सरकते. १८७२ मध्ये ते इतके फुगले, की त्याचा प्रकाश मुंबईकरांनाही दिसला. १० मे २०२४ च्या वादळात लडाखमधल्या हान्ले इथल्या कॅमेऱ्यांनी आकाशातली लाली टिपली, त्यामागचे कारणही हेच.

दोन तळ, एक अक्षांश, दोन आकाशे

डिसेंबर १९८१ मध्ये डॉ. सय्यद झहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याच्या किनाऱ्यावरून निघाली. ९ जानेवारी १९८२ रोजी मोहिमेची माणसे त्या खंडावर उतरली. भूचुंबकत्व संस्थेचा सहभाग पहिल्या मोहिमेपासूनचा आहे. दक्षिण गंगोत्री हा पहिला तळ पुढे बर्फाखाली गाडला गेला. त्याची जागा शिर्माकर ओॲसिसच्या खडकाळ जमिनीवरच्या मैत्री या तळाने घेतली. २०१२ मध्ये पूर्वेला लार्समन टेकड्यांत भारती हा दुसरा तळ सुरू झाला. उत्तरेकडे नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर २००८ पासून हिमाद्री आहे. या सगळ्याची व्यवस्था वास्कोतले राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहते.

नकाशात पाहिले तर मैत्री आणि भारती जवळपास एकाच अक्षांशावर आहेत. मैत्री साधारण ७०.८ अंश दक्षिणेला, भारती ६९.४ अंशांवर. पण विद्युतभारित कणांना भूगोलाच्या पुस्तकातला ध्रुव ठाऊक नसतो. ते चुंबकीय रेषांच्या मागे जातात आणि चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून दूर, पूर्वेच्या अंगाला कललेला आहे. चुंबकीय अक्षांश मोजला तर मैत्री ६३ अंशांच्या आसपास भरते आणि भारती ७५ च्या आसपास. त्यामुळे मैत्री ऑरोरा-वलयाच्या बाहेरच्या कडेशी येते. शांत रात्री वलय तिच्यापलीकडे दक्षिणेला असते, वादळी रात्री फुगून तिच्या डोक्यावर येते. भारती बराच वेळ वलयाच्या आत असते, जिथल्या चुंबकीय रेषा थेट सौरवाऱ्यापर्यंत, म्हणजे सूर्याकडून सतत वाहणाऱ्या भारित कणांच्या झोतापर्यंत, उघड्या असतात. एकच वादळ दोन्ही तळांवरून पाहिले तर वलयाची बाहेरची बाजूही कळते आणि आतलीही.

आकाशगंगेचा आवाज कमी झाला तर

१९३० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की हे अभियंते रेडिओ-टेलिफोनमधल्या खरखरीचे मूळ शोधत होते. विजांच्या कडकडाटाने येणारी खरखर त्यांनी बाजूला काढली, तरीही एक मंद सुस्कारा उरलाच. तो रोज चार मिनिटे आधी वाढू लागे. सूर्याच्या हिशेबाने दिवस २४ तासांचा असला, तरी ताऱ्यांच्या हिशेबाने पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटांत पुरी होते. म्हणजे हा आवाज ताऱ्यांकडून येत होता, आपल्या आकाशगंगेतून. रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात या शोधातून झाली. अलास्कात काम करणाऱ्या लिट्ल आणि लाइनबाख यांना या आवाजाचा वेगळाच उपयोग सुचला. १९५९ मध्ये त्यांनी रिओमीटर हे यंत्र जगापुढे मांडले.

गणपतीत गल्लीच्या टोकाला लावलेला स्पीकर दिवसभर एका पट्टीत वाजत असतो. मधेच घरातला आवाज दबला, तर स्पीकर बंद झाला असे आपण म्हणत नाही. कुणीतरी खिडकी लावून घेतली, हे आपल्याला कळते. रिओमीटरचा हिशेब असाच आहे. आकाशगंगा एकसारखी बोलत असते. तिचा आवाज दबला, तर अडथळा आपल्या हवेतच आला.

तो अडथळा जमिनीपासून साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर असतो. आयनांबराचा, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित भागाचा, हा सगळ्यात खालचा थर. रेडिओलहर तिथून जाताना मोकळ्या इलेक्ट्रॉनांना हलवते. त्या उंचीवर हवा अजून बऱ्यापैकी दाट असल्यामुळे हलणारे इलेक्ट्रॉन हवेच्या रेणूंवर सारखे आदळतात आणि लहरीची ऊर्जा उष्णतेत जिरते. एरवी ध्रुवावरच्या काळोख्या रात्री या थरात इलेक्ट्रॉन फारसे नसतात. पण तीसेक हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट किंवा त्याहून जास्त ऊर्जेचे कण वरून कोसळले, की ते इतके खाली उतरून हवेच्या रेणूंचे तुकडे पाडतात, इलेक्ट्रॉनांची गर्दी होते आणि आकाशगंगेचा आवाज दबतो. लहरीची वारंवारताही विचारपूर्वक निवडावी लागते. फार खालची निवडली तर ती आयनांबर भेदून जमिनीपर्यंत येतच नाही, फार वरची निवडली तर ती वाटेत जिरतच नाही. म्हणून बहुतेक रिओमीटर ३० ते ४० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात ऐकतात.

यंत्र बनवताना खरी मेख होती ती विश्वासाची. रेडिओ रिसीव्हर तापला, थंडावला किंवा जुना झाला, की त्याची आवाज वाढवण्याची क्षमता बदलते. मग आवाज आकाशात कमी झाला की यंत्रात, हे सांगायचे कसे? लिट्ल आणि लाइनबाख यांनी रिसीव्हर एकाच जागी ऐकत ठेवला नाही. तो क्षणभर अँटेनाला जोडायचा, क्षणभर यंत्रातच बसवलेल्या खरखरीच्या डायोडला, आणि हे भराभर चालू ठेवायचे. दोन्हींत फरक आला की यंत्र डायोडचा प्रवाह कमी-जास्त करून दोन्ही आवाज सारखे करते. नोंद होते ती डायोडच्या प्रवाहाची. रिसीव्हरच्या खोडीचा परिणाम दोन्ही बाजूंवर सारखाच होत असल्याने तो हिशेबातून गळून पडतो.

एक अँटेना एवढेच सांगते, की डोक्यावर काहीतरी घडले. अनेक अँटेना एका चौकटीत मांडून त्यांचे संकेत ठरावीक कलांतराने, म्हणजे लहरींच्या चढउतारांत ठरावीक अंतर ठेवून, जोडले, तर आकाशाच्या वेगवेगळ्या तुकड्यांकडे एकाच वेळी कान लावता येतो. मैत्रीवर भूचुंबकत्व संस्थेने अशी चार गुणिले चार, १६ अँटेनांची मांडणी केली आहे. तिच्यातून आकाशातल्या शोषणाचा ढोबळ नकाशाच मिळतो. शोषणाचा पट्टा कुठून आला, किती वेगाने पसरला, कोणत्या दिशेला सरकला, हे या नकाशावर दिसते. ढगाळ आकाशात किंवा हिमवादळात ऑरोराचा कॅमेरा आंधळा होतो. रिओमीटरला ढगांची पर्वा नसते. त्याला वेगळेच शत्रू छळतात. वाऱ्यावर उडणारे कोरडे बर्फाचे कण अँटेनावर विद्युतभार सोडतात आणि नोंदीत काटे उगवतात. तळावरचा वायरलेस सेट सुरू झाला, जनरेटरने ठिणगी टाकली, तर तीही कागदावर उमटते. ट्रामपासून अलिबागला पळालेली पिढी ज्या वैतागातून गेली, तोच वैताग हिवाळ्याचे महिने तिथे काढणाऱ्याच्या वाट्यालाही येतो.

उशीर आणि वळण

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून वेळेचा संकेत पाठवतात. आयनांबरातल्या इलेक्ट्रॉनांमुळे त्या संकेताला उशीर होतो. गाडी चालवणाऱ्याच्या फोनसाठी ही निव्वळ चूक आहे. मात्र उपग्रह दोन वारंवारतांवर बोलतो, १५७५.४२ आणि १२२७.६० मेगाहर्ट्झ, आणि कमी वारंवारतेच्या लहरीला जास्त उशीर होतो. दोन्हींच्या येण्यातला फरक मोजला की वाटेत एकूण किती इलेक्ट्रॉन लागले, ते कळते. या मोजणीचे एकक म्हणजे एक चौरस मीटर आडव्या छेदाच्या स्तंभात एकावर सोळा शून्ये इतके इलेक्ट्रॉन. असे एक एकक वरच्या वारंवारतेवर सुमारे १६ सेंटिमीटरची चूक घालते. ५० एकके असली की चूक आठ मीटरवर जाते, म्हणजे गाडी शेजारच्या रस्त्यावर दिसू लागते.

ध्रुवीय प्रदेशात आणखी एक प्रकार घडतो. दिवसाच्या बाजूला सूर्यप्रकाशाने तयार झालेले दाट आयनवायूचे ढग वादळाच्या वेळी तुटून, ध्रुवावरून वाहत रात्रीच्या बाजूला जातात. त्यांच्या कडा खडबडीत असतात. जीपीएसची लहर त्यांतून गेली, की तिची कला थरथरते आणि रिसीव्हरची पकड सुटू शकते. चुंबकीय ध्रुवाजवळ असल्याने भारती या ढगांच्या वाटेवर पडते. इकडे भूचुंबकत्व संस्थेचे एक केंद्र तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळ, चुंबकीय विषुववृत्ताशी आहे. वादळात ध्रुवाजवळ निर्माण होणारी विद्युतक्षेत्रे फार थोड्या वेळात विषुववृत्तापर्यंत पोहोचतात. दोन्ही टोकांना यंत्रे असली की हा प्रवास पकडता येतो.

आयनांबराच्या खालच्या, हवामान घडवणाऱ्या हवेसाठी रेडिओलहरींचे वळण कामी येते. मरिनर-४ हे यान जुलै १९६५ मध्ये मंगळाच्या मागे गेले, तेव्हा त्याचा संकेत मंगळाच्या विरळ हवेतून वाकून आला आणि त्या वाकण्यावरून तिथला हवेचा दाब काढता आला. पृथ्वीवर हीच युक्ती १९९५ पासून वापरली जाते. खालच्या कक्षेतला उपग्रह क्षितिजाआड जाणाऱ्या जीपीएस उपग्रहाकडे कान लावून बसतो. संकेत हवेच्या थरांतून तिरका येताना वाकतो. जमिनीलगत हे वाकणे सुमारे एक अंशापर्यंत जाते. मिनिट-दोन मिनिटांच्या त्या अस्तात वरपासून खालपर्यंत तापमानाची उभी रेघ हाती येते. २००६ मध्ये तैवान आणि अमेरिका यांनी सोडलेल्या सहा उपग्रहांच्या ताफ्याने अशा रेघा जगभरातून गोळा करायला सुरुवात केली.

अंटार्क्टिकासारख्या खंडाला याचे मोल फार. फुग्याला यंत्र बांधून आकाशात सोडणारी ठिकाणे तिथे मोजकीच, तीही बहुतेक किनाऱ्यालगत. भारतीय हवामान खाते मैत्रीवरून असे फुगे सोडत आले आहे. फुग्याबरोबर गेलेले यंत्र तापमान, आर्द्रता, ओझोन मोजते आणि रेडिओनेच आकडे खाली पाठवते. पण फुगा एका जागेची बातमी देतो. उपग्रह ओसाड पठारावरचीही देतात. हिवाळ्यात वरच्या हवेचे तापमान उणे ७८ अंश सेल्सियसच्या आसपास किंवा त्याखाली गेले, की तिथे विशिष्ट ढग बनतात. वसंतात सूर्य उगवताच त्यांच्या कणांवर तयार झालेली क्लोरीनची संयुगे ओझोन खाऊ लागतात. १९८५ मध्ये जगाला कळलेले ओझोनचे भगदाड दरवर्षी किती मोठे होईल, याचा अंदाज बांधायला ही तापमानाची उभी रेघ लागते.

गिऱ्हाईक कोण?

विमाने हे या माहितीचे पहिले गिऱ्हाईक. भारतातून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारी विमाने कधी कधी उत्तर ध्रुवाजवळून जातात. विषुववृत्तावर स्थिर असलेले दळणवळण उपग्रह तिथून क्षितिजाखाली राहतात, म्हणून वैमानिकाला लघुलहरी रेडिओचा मोठा आधार असतो. सूर्यावरून आलेल्या प्रोटॉनांनी ध्रुवावरची हवा आयनित केली, की त्या लहरी शोषल्या जातात आणि रेडिओ मुका होतो. २३ फेब्रुवारी १९५६ च्या सौरस्फोटानंतर हा प्रकार नीट ध्यानात आला. आता अशी चाहूल लागली तर विमानाचा मार्ग ध्रुवापासून दूर, कमी अक्षांशांकडे वळवतात. इंधन जास्त जाते, वेळ जातो, पण संपर्क राहतो. भारतीय आकाशात विमाने उतरवण्यासाठी इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण यांनी उभारलेली गगन ही यंत्रणाही आयनांबराने घातलेली चूक सतत दुरुस्त करत असते. वीजवाहिन्या हे दुसरे गिऱ्हाईक. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळाने कॅनडातल्या क्वेबेकची वीज गेली आणि सुमारे ६० लाख लोक तासन्‌तास अंधारात राहिले.

हे सगळे उपयोग एका अगदी नीरस गोष्टीवर उभे आहेत. रिओमीटरवर आज आवाज किती दबला, हे सांगायचे तर न दबलेला आवाज किती असतो, हे आधी माहीत हवे. त्यासाठी ज्या दिवसांत काहीच घडले नाही, अशा दिवसांच्या नोंदी एकावर एक ठेवून शांत दिवसाची रेघ काढावी लागते. आकाशगंगा रोज चार मिनिटे आधी उगवते, म्हणून ती जुळवणी ताऱ्यांच्या घड्याळाने करावी लागते, आणि अँटेना बदलली, बर्फाची उंची वाढली की पुन्हा करावी लागते. काहीच घडत नसताना कुणीतरी यंत्र चालू ठेवलेले असले, तरच वादळाची उंची सांगता येते. मूस यांनी दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी घेतल्या त्या याच कारणासाठी, आणि १८४६ पासूनच्या कुलाब्याच्या नोंदी त्यांनी १९१० मध्ये छापून काढल्या म्हणून त्या अभ्यासकांना हाताशी राहिल्या.

म्हणूनच मैत्रीहून रोज येणाऱ्या, बहुतांशी कंटाळवाण्या आकड्यांची किंमत आज ठरवता येणार नाही. १८७२ च्या वादळाची नव्याने मापे काढणारा आंतरराष्ट्रीय अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यासाठी त्या रात्रीचे कुलाब्याचे आकडे वापरता आले, कारण त्याआधीच्या शांत दिवसांतही तिथे कुणीतरी पट्टी वाचून वहीत आकडा लिहीत होते.